मामंजींचा नकार

मंजू, जरा इकडं कान कर. परवा फोनवर ‘मोठी आजी, तुम्ही स्वतःच्या हिमतीवर इंग्रजी शिकलात, त्यावर लिहितेय मी’ म्हणालीस अन् माझं ऐकून न घेताच फोन ठेवलास. कसली एवढी घाई गं तुम्हा पोरींना? आता मीच लिहिते. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आमच्या ह्यांनाही नाही, देवापुढं बसूनसुद्धा नाही.

स्वतःच्या हिमतीवर म्हणे! डोकं फिरतं माझं ते ऐकून.

मला शिकवलं तुझ्या आजीनं. कुसुमनं — माझ्या धाकट्या जावेनं. पोलीस अ‍ॅक्शननंतरची ती वर्षं. निजामाचं राज्य गेलं, कचेरीतली उर्दू गेली, मराठी-इंग्रजी आली. कुसुम गंगापूरहून लग्न होऊन गुलमंडीमागच्या आमच्या घरी आली, तेव्हा तिची मॅट्रिक राहिलेली. चुलीपुढं भाकरी थापता थापता तिनं मला ‘टेक’ शिकवला. म्हणायची, हा शब्द थोरल्या सुनेसारखा, सगळी कामं ह्याच्याच गळ्यात. चहा घ्या, टेक. फोटो काढा, टेक. कुणाला दवाखान्यात न्या, तरी टेक. गोळी आपण खातो, साहेब ती टेक करतो. अन् आपण परीक्षा देतो ना, ती तिकडं घेतात. देणाराच घेणारा? लई अजब न्याय, म्हणून मी हसले. तीही हसली. मग पिठाचे हात तसेच ठेवून म्हणाली, “अक्का, मला बसायचंय परीक्षेला. मामंजींना विचाराल?”

आमच्यात धाकटी सून सासऱ्याशी बोलत नसे. जे असेल ते थोरलीच्या तोंडून. म्हणजे तिचं तोंड मी होते — कळतंय का तुला?

मी माजघरात गेले. मामंजी पान लावत बसले होते. त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला अन् परत फिरले. कुसुमला म्हटलं, “नाही म्हणाले.”

का? ती मास्तरीण झाली असती अन् मी चुलीपुढंच — ते मला सोसवलं नसतं. जळले मी. दुसरं कारण शोधू नकोस, नाहीच.

ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मग तुम्ही तरी शिका. अन् शिकवत राहिली. माझा निर्लज्जपणा बघ — मी शिकत राहिले!

पुढं थोड्याच दिवसांनी मामंजी एकटेच जेवत होते, कुसुम पाण्याला गेलेली; तेव्हा ते आपणहून मला म्हणाले, “धाकटीला परीक्षेला नाही का बसायचं? माझी काही ना नाही.” फॉर्म भरायला अजून मुदत होती, मंजू. तेव्हाही सुधारता आलं असतं. मी त्यांना आमटी वाढली.

मामंजी गेले तेव्हा कुसुमच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. बायका म्हणाल्या, दगड आहे ही. मी त्यांच्यातच बसले होते. मीही मान हलवली. हलवली गं!

तुझी आजी मरेपर्यंत सासऱ्याला बोल लावत राहिली. तू ऐकलंयस ते. तो माणूस तसा नव्हता. त्यांना तसं मी केलं, अन् लोक मला शहाणी म्हणत राहिले.

ते माझं कौतुक फाडून टाक. अन् लवकर ये. जे काय बोलायचं ते इथं, माझ्यासमोर बसून बोल.