रेसचं पेट्रोल आणि आबांची जीप

जेवणाचं ताट तसंच ठेवून टाईप करतीय, कारण हे आत्ताच सांगितलं न्हाई तर मला झोप लागायची न्हाई. आणि तुमच्यापैकी कुणी जुन्या गाडीत रेसचं पेट्रोल ओतायच्या तयारीत असंल तर कॅन खाली ठेवा, आधी हे वाचा.

आमचे आजोबा, म्हणजे आबा, फौजेतनं रिटायर झाले तवा त्यांनी मिलिटरीच्या लिलावात एक जुनी पेट्रोल जीप घेतली. तवापासनं आमच्या घरात रीत हाय, नवं जोडपं लग्नानंतर डोंगरावरच्या देवाला जातं ते ह्याच जीपमधनं. ह्या साली माझ्या चुलतभावाचं, दादाचं, लग्न झालं. वहिनी साताऱ्याची. पण मधल्या काही वर्षांत जीप चढावर मरायला लागली होती. दम न्हाई, रेडिएटर उकळतोय. त्यात मिरजेचा एक हॉटेलवाला मागं लागलेला, त्याला ती दारात शोसाठी उभी करायचीय.

आबांनी सरळ सांगितलं, "देवाला चढली तर ऱ्हाईल. न्हाई चढली तर त्येला देऊन टाकतो. दारात सडवायची न्हाई मला."

दादानं लगेच कोल्हापूरच्या मित्राकडनं कॅन आणला. तो मित्र बाईकच्या रेस खेळतो. निळं पेट्रोल, वास एकदम गोड.

"लय हाय ऑक्टेन हाय ह्यात. आता बघ, उडत जाती का न्हाई."

वहिनी म्हणाली, "उडायचं ऱ्हाऊ द्या, चालली तरी बास."

टाकी रिकामी करून कॅन ओतला आणि नुसती ट्रायल म्हणून निघालो. दादा स्टेअरिंगवर, आबा शेजारी, मागं आम्ही दोघी. पहिल्या वळणापर्यंत दादा गाणं म्हणत होता. दुसऱ्या वळणावर जीप खोकली, तिसऱ्यावर वाफ सोडून उभी. काडीचा फरक न्हाई.

आबा खाली उतरले, बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "फोन करतो मिरजेला."

जीप गार होईस्तोवर मी दगडावर बसून मोबाईलवर वाचत सुटले. आणि कळलं काय, तर ऑक्टेन म्हणजे ताकद न्हाईच. इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाती. त्या दाबानं पेट्रोल आपोआप, नको तवा पेटलं की इंजिन टकटक ठोकतं. ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोल तसं पेटायला जास्त नकार देतं, एवढंच. रेसच्या इंजिनात दाब लय, तिथं ते लागतं. आमच्या जीपसारख्या जुन्या इंजिनात दाबच कमी.

पण मग मला एक गोष्ट खटकली. एवढ्या चढावर, एवढं तापून, आमची जीप साध्या पेट्रोलवर पण जरासुद्धा ठोकत नव्हती. एकदम गप.

"आवं आबा, ही कधीच ठोकत न्हवती का?"

"ठोकायची की. मधी पेट्रोल परवडंना तवा मी रॉकेल मिसळायचो. लय ठोकायची. मग ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर फिरवून ती उशिरा टाकाय लावली. गप झाली."

"आणि रॉकेल बंद केल्यावर परत फिरवला?"

आबा माझ्याकडं बघत ऱ्हायले. मग दादाकडं. मग डोंगराकडं.

"न्हाई गं," ते म्हणाले. "ते ऱ्हायलंच."

वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. म्हणजे बघा, रॉकेल कवाच संपलं, पण जीप अजून रॉकेलवरच असल्यागत चालत होती. ठिणगी उशिरा, म्हणून दम न्हाई, म्हणून उकळणं. त्यावर जगातलं कुठलं पेट्रोल काय करणार?

उतारानं घरी आलो. दादानं उरलेलं निळं पेट्रोल काढून कॅनमध्ये भरलं, पंपावरचं साधं ओतलं. आबांनी सांगितलं तसा मी बोल्ट ढिला करून डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवला. जास्त झाला, चढावर नेली तर टकटक आली. किंचित मागं घेतला. आवाज गेला, दम ऱ्हायला.

आज सकाळी नवं जोडपं देवाला गेलं, संगं आबा आणि मी. तिसरं वळण आलं. दादानं गिअर खाली टाकला आणि जीप कुरकुर न करता वर. देवळापाशी थांबल्यावर आबांनी आधी बॉनेटला हात लावला, मग देवाला हात जोडले. नारळ फोडायच्या आधी मिरजेला फोन.

"जीप द्यायची न्हाई. का म्हणजे? देवाला आलोय तिच्यातनं."

दादा अजून म्हणतोय, निळ्या पेट्रोलानं आतनं सफाई झाली असणार. वहिनी म्हणती, "व्हय व्हय, म्हणूनच तर वाफ निघाली."

आता तुमी सांगा. तुमच्याकडं पण असं झालंय का, महागाचं पेट्रोल ओतत बसलाय आणि खरी गोष्ट घरातलंच कुणीतरी कवातरी फिरवून विसरलंय?