मयत उचलेपर्यंत

टीव्हीत कुणी मेलं की आक्का वाढायची थांबायची. पळी आमटीच्या पातेल्यात तशीच उभी, भाकरीची टोपली मांडीशी आणि नजर भिंतीवरच्या टीव्हीकडे. तुमच्या ताटात अर्धी भाकरी असली तरी पुढचा घास घ्यायचा नाही, असा तिच्या खानावळीचा कायदा. पडद्यावर पोलीस यायचे, पंचनामा व्हायचा, फोटो काढले जायचे. शेवटी पांढरं कापड घालून दोघांनी स्ट्रेचर उचललं, गाडीचं दार लागलं, की आक्का म्हणायची, "नेलं बाबा. हं, जेवा आता." मग पळी हलायची.

आपल्याकडच्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. गल्लीत मयत पडलेली असली की चूल पेटत नाही. मयत उचलली की शेजारीपाजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात. आक्कानं एवढंच केलं होतं, की टीव्हीसुद्धा आपल्याच गल्लीत धरला होता.

तिची खानावळ अक्कलकोट रोडला, कारखान्यांच्या मागच्या बाजूला. पत्र्याची खोली, चार लाकडी बाकं, कोपऱ्यात चूल आणि चुलीवरून नीट दिसेल असा टांगलेला टीव्ही. चुलीजवळ आक्का, वाढायला तिची मुलगी सुनी. मी तेव्हा वीसेक वर्षांचा असेन. आई गेली आणि नववीतच माझी शाळा सुटली. वडील श्रीपूरच्या साखर कारखान्यावर, तिथं त्यांचा दुसरा संसार. मी कुर्डुवाडीहून सोलापूरला येऊन टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला लागलो होतो. बसवराज नावाचा अक्कलकोटच्या पलीकडचा एक पोरगा माझ्याबरोबर खोलीत राहायचा, त्याला सगळे बसूच म्हणायचे. आम्ही दोघंही आक्काकडेच जेवायचो.

मी पहिल्यापासून भित्रा. छातीत जरा कळ आली की वाटायचं, संपलं. आणि मरणापेक्षा मोठी भीती वेगळीच होती. आपण हितं गेलो तर कुणाचा घास अडेल? कुणाचाच नाही. वडिलांना दोन दिवसांनी कळेल, तोवर त्यांची चार जेवणं झालेली असतील. हे मी कुणाला बोललो नव्हतो. पण आक्काच्या खानावळीत पहिल्या संध्याकाळी कुणा अनोळखी माणसासाठी, तेही नाटकातल्या माणसासाठी, वीस जण हात आवरून बसलेले बघितले आणि मला बरं वाटलं. का ते तेव्हा कळलं नाही.

गिऱ्हाइकं वैतागायची, हे खरं. आक्का बघायची त्या पोलिसांच्या मालिकेत रोज एक तरी खून व्हायचा, तोही नेमका जेवणाच्या वेळी. एसटीतले कंडक्टर जाधवमामा तर ताट पुढ्यात आलं की खुनाच्या आधी उरकायचं म्हणून भराभरा जेवायचे. कुणाला रात्री एकटं घरातनं बाहेर पडताना दाखवलं की मामा ओरडायचे, "गडबड करा रे, ह्याचं काय खरं न्हाय." एकदा आयटीआयच्या एका पोरानं रिमोट घेऊन चॅनलच बदललं. आक्का शांतपणे म्हणाली, "उघड्यावर टाकून चाललायस व्हय त्याला?" पोरानं मुकाट्यानं चॅनल परत लावलं. पुढच्या महिन्यापासून ती चार पोरं दुसऱ्या खानावळीत जायला लागली. सुनी कुरकुरली, की अशानं गिऱ्हाईक राहायचं नाही. आक्कानं तेही ऐकून घेतलं आणि कायदा तसाच ठेवला.

खरी पंचाईत व्हायची ती भाग संपताना मयत तशीच पडलेली असली की. पुढचं उद्या, अशी पाटी यायची. मग आक्का उठायची, टीव्ही बंद करायची आणि आमच्याच कारखान्यातला एक पांढरा, कडेला विणीचा दोष असलेला टॉवेल टीव्हीवर घालायची. झाकलं म्हणजे निम्मं झालं, असा तिचा हिशेब. मग ती सगळ्यांना पोटभर वाढायची. स्वतः मात्र दुसऱ्या दिवशी मयत उचललेली बघितल्यावरच जेवायची. त्या दिवशी चहावर राहायची. मालिकावाल्यांना ह्याचा पत्ता नव्हता, नाहीतर त्यांनी एवढी मढी टाकली नसती.

तिला कळत नव्हतं असं नाही. जाधवमामा पैजेवर सांगायचे, रक्त नाही ते, सरबत आहे, खरं रक्त वाळून काळं पडतं. आक्का म्हणायची, "मला ठावं हाय की. तो मेलेला मागच्या आठवड्यात साबणाच्या जाहिरातीत आंघोळ करत व्हता."

"मग थांबायचं कशाला?"

"तो खोटा मेला आसंल. आपली भूक तर खरी हाय न्हवं? तिला जरा थांबायला शिकवायचं."

त्या मालिकेत एक जाडा हवालदार होता. मढ्यापाशी उभा राहून तो असं काही बोलायचा की अख्खी खानावळ फुटायची. एका भागात सावकाराचं प्रेत खुर्चीत बसलेलं सापडलं, तर हवालदार त्यालाच नमस्कार करून विचारतो, साहेब, बसू का जरा? सगळ्यांत मोठ्यानं आक्का हसली. डोळ्याला पदर लावून हसली. मग हसू आवरून टीव्हीकडे बघत म्हणाली, "हसले बघ. मनावर घिऊ नगो." मला त्या हसण्याचा राग यायचा. मेलेल्या माणसापुढं हसतात कसे, असं मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, "तिरडी बांधणारी माणसं बघितल्यास का कधी? दोरीवरनं, बांबूवरनं कशी चेष्टा करत्यात. हसत न्हाईत तर हात चालायचे न्हाईत त्यांचे." एवढं सांगून तिनं माझ्या ताटात शेंगाची चटणी वाढली. मी न मागता.

मला रक्त बघवायचं नाही. मी मान खाली घालायचो तर आमटी लाल दिसायची. आक्कानं हे हेरलं. एके दिवशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "दत्ता, तोंडाकडं बघू नगो. पायाकडं बघ. तोंडाकडं बघितलं की मढं दिसतंय. पायाकडं बघितलं की माणूस दिसतोय." तेव्हापासून मी पाय बघायला लागलो. कुणाच्या टाचा भेगाळलेल्या, कुणाच्या अंगठ्याला रंग लागलेला, एखाद्याच्या पायाला नव्या चपलेनं चावलेलं. भीती कमी झाली. ह्या माणसानं सकाळी चप्पल घातली असेल, असं वाटायला लागलं.

हा कायदा कुठून आला, हे तिनं एकदाच सांगितलं. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं, मी आजारी म्हणून खोलीवर होतो आणि सुनीच्या हाती पेज पाठवायच्या ऐवजी तिनं मलाच बोलावून घेतलं होतं. तिचा नवरा पुणे रोडला ट्रकखाली गेला. रस्त्याच्या कडेला ढाबा होता. गाडी येईपर्यंत तो तिथंच पडून होता आणि समोर बाकड्यांवर माणसं जेवत होती. "बघत बघत जेवत हुती म्हणं," आक्का म्हणाली. मग म्हणाली, "त्यांचं काय चुकलं न्हाय. लांबनं आल्याली माणसं, भुका लागल्या असतील." पेज गार झाली होती. तिनं ती परत चुलीवर ठेवली.

पुढे टॉवेलचा कारखाना बसला. जाधवमामांचा भाचा मुंबईच्या पलीकडे, नायगावला, मालिकांच्या सेटवर रंगकाम करायचा. त्यानं मला बोलावून घेतलं. निघताना आक्कानं चटणी आणि कडक भाकरी बांधून दिल्या, आणि कुठल्या मालिकेत चाललो आहे ते विचारलं. मी त्याच मालिकेचं नाव सांगितलं, तिच्या टीव्हीवरच्या. ती बघतच राहिली. "तितं मग येवढं बघ," म्हणाली, "जेवणाच्या टायमाला माणसं मारू नगा म्हणावं."

सेटवर मी भिंती रंगवायचो. जुन्या वाटणाऱ्या, ओल आलेल्या, रक्त उडालेल्या. एक दिवस मढं व्हायला ठरवलेला माणूस आलाच नाही. मी हडकुळा, पडून राहायला सांगितलं तर पडून राहीन असा. मला चिखलात पालथं झोपवलं, पाठीवर सरबत ओतलं आणि चेहरा दिसू नये म्हणून केसांवर पालापाचोळा टाकला. चित्रण झालं, मी आंघोळ केली आणि विसरून गेलो. ते कधी दाखवणार, हे आम्हाला कुणी सांगत नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी आम्ही डोंगरात चित्रणाला गेलो. तिथं फोनला रेंज नव्हती. तेवढ्यात सोलापुरात काय झालं ते मला नंतर बसूनं सांगितलं.

खानावळ भरलेली. पडद्यावर ओढ्याकाठी मढं सापडलं. कॅमेरा आधी पायांवर आला. आक्काच्या हातातली पळी नेहमीसारखी थांबली आणि मग पातेल्यात पडली. "हे दत्ताचं पाय हायत," ती म्हणाली. माझ्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे. सगळे हसले. जाधवमामा म्हणाले, आक्का, मुंबईत असल्या करंगळ्या लाख असतील. चेहरा काही दाखवला नाही. हवालदार आला, मढ्याच्या पायाला पाय लावून म्हणाला, हा तर आपल्यापेक्षा सुखात झोपलाय. त्या दिवशी आक्का हसली नाही. भाग तिथंच संपला.

तिनं टीव्हीवर टॉवेल घातला, सगळ्यांना वाढलं आणि बसूला मला फोन लावायला सांगितला. लागला नाही. परत लावला, लागला नाही. बसू समजावायला लागला, आक्का, नाटक आहे ते. "नाटक हाय ते मला कळतंय. फोन का लागंना ते सांग," ती म्हणाली. बसूनं आणखी एकदा लावून बघितला.

दुसऱ्या दिवशीचा भाग सुरू झाला तो थेट चौकीत. मयत कुणी उचलली, कधी उचलली, काहीच दाखवलं नाही. मालिकेला ती लागतच नव्हती. आक्कानं संबंध भाग उभं राहून बघितला. आणि जेवली नाही. सुनी रडली, चिडली. आक्का दोन कप चहावर भाकऱ्या थापत राहिली.

तिसऱ्या दिवशी आम्ही डोंगर उतरलो आणि माझा फोन वाजायला लागला. बसू एवढंच म्हणाला, "दत्ता, आदी आक्काला बोल," आणि त्यानं फोन तिच्या हातात दिला. पलीकडे तव्याचा आवाज येत होता.

मग आक्का म्हणाली, "उठलास का?"

मला काहीच ठाऊक नव्हतं, तरी का कोण जाणे, मी म्हणालो, "उठलो की आक्का."

"मग जेव. मी बी बसते."

बसूनं सगळं सांगितलं तेव्हा मी नायगावच्या एका दुकानाच्या पायरीवर बसलो. इतकी वर्षं मला एक गोष्ट हवी होती आणि ती मला मेल्याशिवायच मिळाली होती. त्यानंतर माझी छाती पूर्वीसारखी धडधडत नाही. धडधडते, पण कमी.

गेल्या उन्हाळ्यात आक्का गेली. पहाटे, झोपेत. सकाळी बसूचा फोन आला आणि मी मिळेल त्या गाडीनं निघालो. उन्हाचे दिवस, फार वेळ ठेवता येणार नाही, हे त्यानं आधीच सांगितलं होतं. वाटेत डब्यात माणसं डबे उघडत होती. समोरच्या बाईंनी मला पुरी-भाजी पुढं केली. मी नको म्हणालो. त्यांनी बरं नाही का विचारलं. मी खिडकीकडे सरकून बसलो.

गाडी कुर्डुवाडीला थांबली. माझंच गाव, पण तिथं उतरण्यासारखं आता काही नाही. तेवढ्यात बसूचा फोन आला. माझ्या पोहोचण्याआधीच झालं होतं.

"नेलं रे," तो म्हणाला. "सुनी म्हणती, दत्ता उपाशी आसंल, त्याला सांग. जेवून घे म्हणावं."

मी खाली उतरून भजी आणि पाव घेतला. मग फलाटावर बसलेल्या लोकांच्या पायांकडे बघत बसलो आणि बघता बघता सगळं खाल्लं. तिला शेवटचं बघायला मिळालं नाही. पण तिच्या कायद्याप्रमाणे जेवलो.

खानावळ आता सुनी चालवते. टीव्हीवर गाणी लावते. तिचं बरोबर आहे.

मी अजून नायगावलाच आहे. अधूनमधून मला मढं करतात. पालथं पडल्यावर कानाला जमीन लागते, आजूबाजूला हसणं चाललेलं असतं, कुणी चहा पीत असतं. कट म्हटल्यावर बाकीची मढी जरा तशीच पडून राहतात, तेवढीच विश्रांती. मी मात्र लगेच उठून बसतो. उठलो की आक्का, असं मनात म्हणतो आणि मग जेवायला जातो.