बापूंच्या वहीतला शेऱ्याचा रकाना

रविवारी सकाळी मी शर्टाच्या खिशात सुट्टे पैसे टाकत होतो, तेवढ्यात बापूंच्या सूनबाईंचा, मंदाचा फोन आला. "काका, बाबा पहाटे गेले हो..." ती म्हणाली. मी म्हणालो, "बरं बरं, चारला येतो." दर रविवारी तिचा फोन आला की मी हेच म्हणत असे, तेच तोंडातून निघालं. फोन ठेवला, चपला घातल्या, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मला कळलं की ती काय म्हणाली. दुपारी दोनच्या आत सगळं उरकलं. चारला मी उस्मानपुऱ्यात माझ्या घरी परत आलो होतो आणि सुट्टे पैसे अजून खिशातच होते.

त्याला आता दीड महिना झाला. बापू म्हणजे बाबूराव, स्टँडवरचे कंट्रोलर. कुठली गाडी कधी आली, कधी सुटली, का उशीर झाला, हे त्यांनी तीस वर्षं खिडकीमागे बसून लिहिलं. छावणीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत दर रविवारी चार वाजता आमची रमी चाले. सुरुवातीला आम्ही तिघं होतो. बापू, गुलमंडीत कापडाचं दुकान असलेले बशीरभाई, आणि मी, भूगोलाचा मास्तर. पॉइंटला पाच पैसे. मंदा तेव्हा घरात आली नव्हती, चहा बापू स्वतः करत, आणि तो अतिशय वाईट असे.

आमच्या डावात एकच भानगड होती, ती म्हणजे बापूंची वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांब, स्टँडवरच्या रजिस्टरासारखी आखलेली. तारीख, तिघांची नावं, कोणाचे किती गेले, किती आले, आणि शेवटी शेरा. डाव संपला की आम्ही चपला शोधायला लागायचो आणि बापू चष्मा लावून लिहायला बसायचे. मला त्या वहीचा मनस्वी राग होता. रविवारचे दोन तास मजा करायची, त्यात ही कारकुनी कशाला?

"बापू, आपण सिनेमाला जातो तेव्हा तिकिटाचे पैसे लिहून ठेवतो का?" मी एकदा विचारलं.

"नाय," बापू म्हणाले. "पर सिनेमा बघून आल्यावर कोन घरी सांगतं का, मी जिंकलो म्हून? तुमी काय सांगता घरी, गुरुजी?"

"बरोबरीत सुटतो म्हणून सांगतो."

"बशीरभाई, तुमी?"

"हम भी वहीच बोलते," बशीरभाई म्हणाले. "जित्ता आया, उत्ता गया."

"मीबी आमच्या हिला तेच सांगायचो," बापू म्हणाले. "तिघंबी बरोबरीत! मग पैसा जातो कुठं? चिवडा तर बशीरभाई फुकट आनतेत."

बशीरभाई पोट धरून हसले. "नक्को बाबा, लिख्के क्या करते? हारे सो हारे." मीही हसलो. पण मी त्या वहीत कधी डोकावणार नाही असं मनाशी ठरवून टाकलं, आणि आमच्या घराण्याचा हट्टीपणा असा की ते पाळलंसुद्धा.

बापूंना मोजण्याची ही खोड वडिलांकडून आली होती. निजामाविरुद्ध पोलीस अॅक्शन झाली तेव्हा बापू आईच्या झोळीत होते आणि वडील फुलंब्रीच्या बाजूला मेंढरं घेऊन हिंडत होते. शाळा त्या माणसानं पाहिली नव्हती. रोज दिवस मावळताना मेंढरू आत आलं की एक खडा एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत टाकायचा. एकदा मी बापूंना म्हणालो, इतकी मेंढरं, एखादं कमीजास्त झालं तर काय बिघडतं? बापूंनी हातातली पानं पालथी ठेवली. "आलेली कशाला मोजायची गुरुजी, ती दिसतच असत्यात. जे मागं राहिलं त्याच्यासाठी मोजायचं. मोजलं नाय तर त्याला हुडकाया कोन जाईल?" मग पानं उचलून त्यांनी निमूटपणे मी टाकलेल्या पानावर डाव लावला.

स्टँडवरच्या गोष्टी सांगतानाही ते असेच गंभीर व्हायचे. तिथल्या शेऱ्यात दोन शब्द फार जपून लिहायचे, लेट आणि रद्द. "लेट म्हंजी गाडी वाटंत हाय. रद्द म्हंजी येनार नाय," ते सांगत. "लेटच्या जागी रद्द लिवलं तर माणसं उठून जात्यात आन् मागून गाडी येती. रद्दच्या जागी लेट लिवलं तर बिचारी बसूनच राहत्यात. दोन्ही पाप." मी वर्गात असाच आवाज काढून अक्षांश-रेखांश शिकवत असे, त्यामुळे मला त्यांचं हसू यायचं.

आता जे सांगायचं आहे ते मी कोणाला सांगितलेलं नाही. माझी बायको सिंधू तेव्हा शिलाई मशिनीसाठी पैसे साठवत होती. दुधाच्या पैशांतून, भाजीच्या पैशांतून, चिकाटीनं. एकदा ती माहेरी पैठणला निघाली. गाडी यायला वेळ होता. ती कंट्रोलरच्या खिडकीशी गेली आणि सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "भाऊजी, आमचे हे खरंच बरोबरीत असतात का हो?" बापूंनी तिला थांबायला सांगितलं. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन वही पाहिली, पाच वर्षांची बेरीज केली आणि पैठणची गाडी लागायच्या आत येऊन सांगितलं, "वहिनी, गुरुजी चारशे बारा रुपये चाळीस पैशांनी मागं हायेत."

सिंधू दोन दिवसांनी परत आली. जेवायला वाढताना म्हणाली, "बरोबरीत म्हणजे चारशे बारा का?" माझा घास हातातच राहिला. मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "पैसे गेले त्याचं मला काही नाही. तुम्ही पाच वर्षं दर रविवारी घरी येऊन मला खोटं सांगितलंत. मला कशाला फसवायचं?" त्या वेळी जर मी चुकलो म्हणालो असतो तर गोष्ट तिथंच संपली असती. पण खोटं पकडलं गेलेला माणूस आधी पकडणाऱ्यावर चिडतो, तसा मी चिडलो. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा कळलं की मी तिलाच नव्हे, स्वतःलाही फसवत होतो. मला मनापासून वाटत होतं की मी बरोबरीत आहे! जिंकलेले रविवार मला पानांसकट आठवत होते आणि हरलेले एकही नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून मी तडक स्टँडवर गेलो. खिडकीपुढे जालन्याच्या गाडीची चौकशी करणारी दहा-बारा माणसं उभी होती. त्यांच्यादेखत मी ओरडलो, "बापू, तुम्ही मित्र नाही, कारकून आहात. साधे कारकून!" बापूंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "वहिनींनी इचारलं, गुरुजी. मी खोटं कसं सांगू?" मी पाठ फिरवली.

अकरा महिने मी गेलो नाही. बशीरभाई दोनदा घरी येऊन गेले, दुसऱ्या वेळी चिडून गेले. रविवारी चार वाजले की मी वर्तमानपत्र पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचो. मधल्या काळात सिंधूची मशीन आली. एका रविवारी ती मशिनीवर बसल्याबसल्या म्हणाली, "दर रविवारी घरात बसून तुम्ही या मशिनीपेक्षा जास्त कुरकुरता. जा आता." मी गेलो. दार उघडंच होतं. बापूंनी वर पाहिलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, वही ओढून काहीतरी लिहिलं आणि पत्ते पिसायला घेतले. बशीरभाईंनी चिवड्याची पुडी माझ्याकडे सरकवली. मी पुडी सोडली आणि माझी पानं उचलली. माफी मी मागितली नाही... त्या दिवशी नाही, नंतरच्या इतक्या वर्षांतही नाही. बापूंनी माझ्याबद्दल त्या वहीत काय लिहिलं असेल, हा काटा मात्र रुतून बसला. काहीतरी कडूच लिहिलं असणार असं मी धरून चाललो. विचारायचं धाडस झालं नाही.

पुढे बशीरभाई गेले. मग चार वर्षांनी सिंधू गेली. बापूंची बायको तर फार आधीच गेली होती, मुलगा आणि मंदा तेवढे उरले. दोघांत रमीला रंगत नाही, तरी आम्ही दोघंच खेळत राहिलो. पॉइंट रुपयावर गेला आणि एकेका डावाला तासभर लागू लागला, कारण मला जोकर दिसेना आणि त्यांना पानं धरवेनात. आठवडाभर माझ्याशी बोलणारी माणसं म्हणजे दूधवाला आणि बँकेतली मुलगी. रविवारी मात्र कुणीतरी माझी वाट बघत असे, आणि ती गोष्ट मी इतकी गृहीत धरली होती की तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नाही.

शेवटच्या रविवारी मी सात रुपये जिंकलो. बापूंनी चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. त्यांनी वही माझ्यापुढे केली, पेन दिलं. "गुरुजी, आज तुमी लिवा. माझा हात चालंना."

एवढ्या वर्षांत त्यांनी वही माझ्या हातात प्रथमच दिली होती. आणि मी काय केलं? जुना हट्ट आणि जुनी भीती, दोन्ही एकदम वर आली. मी म्हणालो, "राहू द्या हो. पुढच्या रविवारी दोन्ही रविवारचं मिळून लिहा."

"पुढच्या रविवारी..." बापू म्हणाले, आणि त्यांनी वही मिटली.

तेराव्यानंतर मंदा माझ्याकडे आली. पिशवीत तीन लाल वह्या आणि पत्त्यांचा जोड. "बाबांनी सांगून ठेवलं होतं, वह्या गुरुजींच्या म्हणून," ती म्हणाली. चहा घेऊन ती गेली. मी आठ दिवस पिशवीला हात लावला नाही. नवव्या दिवशी पहिली वही काढली आणि बोटानं ओळी चाळत चाळत त्या वर्षापाशी आलो.

बेरीज कुठंच नव्हती. सिंधूनं मागितली तेवढी एकच, पानाच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं. आमच्या भांडणानंतरचा पहिला रविवार. तारीख, बापूंच्या नावाखाली शून्य, बशीरभाईंच्या नावाखाली शून्य. म्हणजे ते दोघं बसले होते, खेळले नव्हते. माझ्या नावाखाली रेघ. आणि शेऱ्यात एक शब्द : लेट.

पुढच्या रविवारी लेट. त्याच्या पुढच्या रविवारी लेट. मी पान उलटलं. दिवाळीच्या रविवारी लेट. ज्या रविवारी बशीरभाई माझ्याकडून चिडून गेले त्या रविवारीही लेट. अकरा महिने, एकही रविवार न चुकवता, त्यांच्या त्या ठसठशीत, गोल अक्षरात. सगळ्यात खाली, मी गेलो त्या दिवशी : ४-१०, आली. बस, इतकंच. याच ओळीच्या भीतीनं मी अर्धं आयुष्य त्या वहीकडे पाहिलं नव्हतं. मी ढसाढसा रडलो. घरात कुणी नव्हतं, त्यामुळे आवरायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या वहीत बशीरभाईंचा शेवटचा रकाना सापडला. तिथं लाल शाईनं एकदाच लिहिलं होतं : रद्द. त्यानंतरच्या पानांवर दोनच नावं आखलेली.

छंद म्हणून खेळणाऱ्यानं हार-जीत लिहून ठेवावी का, यावर आम्ही उभं आयुष्य वाद घातला. बापू, तुमचं बरोबर होतं. लिहावी. पैशासाठी नव्हे, तुम्ही म्हणाला होतात तसं, जे मागं राहिलं त्याच्यासाठी. मी मात्र तुम्हाला हे तुमच्यासमोर कधी म्हणालो नाही, आणि आता म्हणून काय उपयोग...

गेल्या रविवारी दुपारी मी टेबल पुसलं, पत्ते ठेवले, तिसरी वही उघडली. चार वाजता लिहायला बसलो. आधी राहिलेली नोंद केली. गुरुजी सात रुपये पुढे, बापू सात रुपये मागे. मग खाली नवी तारीख टाकली. माझ्या नावाखाली शून्य. बापूंच्या नावाखाली रेघ. शेऱ्याच्या रकान्याशी आलो आणि हात आपोआप 'ले' लिहून मोकळा झाला. पेन तिथंच थांबलं. त्यांची ती खिडकी आठवली, तिच्यापुढे गाठोडी घेऊन बसून राहिलेली माणसं आठवली. त्या वहीत खोटी नोंद करणारा पहिला माणूस मला व्हायचं नव्हतं. मी 'ले' वर काट मारली आणि शेजारी सरळ अक्षरात लिहिलं : रद्द.

लिहून झालं. वही मिटली. आणि तरीही मी साडेपाचपर्यंत तिथंच बसून राहिलो.