दोन मिनिटे अकरा सेकंदांचा रस्ता

१७ नोव्हेंबर २०२४, सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे: आईने सौसरच्या घराला कुलूप लावले आणि मी वहीत पहिली नोंद केली.

इंदूरच्या एका प्रयोगशाळेत मला संशोधनाची जागा मिळाली होती. होकार कळवायला आठवडा उरला होता. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आईने पगार विचारला नाही, विषयही विचारला नाही. तिने आपल्याला बरे नसल्याचा फोन केला तर मी किती वेळात पोहोचेन, एवढेच विचारले. माझे उत्तर तयार होते: सौसरला जवळचे विमानतळ नागपूरचे, तिथून इंदूरचे सरळ अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, विमानाला साधारण एक तास. त्यावर आई म्हणाली, आपण विमानतळावर राहत नाही. स्वतः जाऊन पाहू, मग ठरवू.

ती निवृत्त शिक्षिका. बावीस वर्षे सौसरहून पांढुर्ण्याच्या शाळेत बसने गेली. जायला एक तास, यायला एक तास. बसमध्ये शिरताच कंडक्टरला सावलीची बाजू विचारायची तिची सवय. विमानातही तिने तितक्याच मोकळ्या आवाजात हवाईसुंदरीला विचारले, "बेटा, पांढुर्णा कोन्या बाजूनं येते?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसले. मला संकोच वाटला, आणि पाठोपाठ त्याहून मोठी शरम. उतरताना चार मिनिटे वाचावीत म्हणून मी दाराजवळची रांग निवडली होती. बाजूचा विचारच केला नव्हता. विमान वायव्येला जाणार, म्हणजे आपला मुलूख उजवीकडे, आणि आम्ही डावीकडे. उजवीकडच्या एका जोडप्याने आनंदाने जागा बदलून दिली.

नऊ अडतीसला चाकांनी जमीन सोडली. हवा स्वच्छ होती. दूर सातपुड्याची पहिली रांग, अलीकडे कपाशीची फिकट शेते आणि संत्र्याच्या बागांचे गडद चौकोन. कन्हान नदीच्या चकाकीवरून आईने सौसर ओळखले आणि काचेवर बोट टेकले. मी घड्याळ सुरू केले. बोट वाटेतल्या मोहगाववरून सरकत, दुसऱ्या एका नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या पांढुर्ण्यावर येऊन थांबले. दोन मिनिटे अकरा सेकंद.

वेगाचे गणित मला पाठ होते. उत्तर एवढेच येणार हेही ठाऊक होते. तरी आकडा लिहिताना पेन अडखळले. त्या बोटाखाली तिची बावीस वर्षे होती: उभ्याने केलेला प्रवास, मांडीवर तपासलेल्या वह्या, मला ताप असताना शाळेत घालवलेले दिवस.

"एवढंसंच होतं का वं हे?" ती हळूच म्हणाली. मग माझ्याकडे न वळता, "घड्याळात काय पाहून राहिली? खाली पाय ना."

मी खाली पाहिले. तिगावचे स्टेशन शोधेपर्यंत तेही मागे गेले.

दहा एकेचाळीसला उतरलो. सामान, रिक्षा, दोन चुकलेली वळणे. प्रयोगशाळेजवळच्या, मला देऊ केलेल्या खोलीचे दार उघडले तेव्हा मी बेरीज तिच्यासमोर धरली आणि मान्य केले, की घरापासून इथवरचा माझा अंदाज पाच तासांचा होता, आणि तो चुकला.

आई पलंगावर बसली. चप्पल काढली. वही हातात घेऊन तिने एकेक आकडा वाचला.

"तू आजारी असताना पांढुर्ण्याहून एका तासात येणं व्हायचं, तरी तो तास मले सरत नव्हता," ती म्हणाली. "तुले सहा तास लागतीन. तेवढं मी थांबीन. कळव त्यायले, येतो म्हणून. अन् वरची मिनिटं तेवढी कमी कर."

मी होकार पाठवला आणि शेवटची नोंद केली: दारापासून दारापर्यंत, सहा तास बारा मिनिटे.