अजितच्या वेगवान नौका आणि माझी राहिलेली क्षमा

अरिहंतांच्या कृपेने आज हात लिहिता झाला आहे.

माझ्या धाकट्या भावाचा मी भर मंदिरात अपमान केला होता. त्याची क्षमा मागायची राहून गेली.

अजितला जाऊन आज वर्ष झाले.

किनाऱ्यालगत धावणाऱ्या वेगवान युद्धनौकांचे डिझाइन करणे हे त्याचे आयुष्यभराचे काम. कुंडलच्या शेतकऱ्याचा मुलगा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या मुलाखतीला गेला तेव्हा.

सुट्टीत आला की जेवता जेवता त्याचे सुरू होई.

"अण्णा, साधं जहाज पाणी कापत जातं. आमचं, वेग आला की, पोट उचलून पाण्यावर चढतं. खाली पंखाबी न्हाई. पाणी आत ओढायचं आन् झोतानं मागं फेकायचं. म्हणून उथळातबी पळतं."

"मग अडचण कसली?"

"वजन! जो येतोय त्यो म्हणतोय, आमचं एवढंच ठेव की. तोफवाले, इंजिनवाले, स्वयंपाकवालेबी. मी म्हणतो, गड्यांनो, आमचं जहाज अपरिग्रही हाय, कायबी साठवत न्हाई!"

आई हसता हसता तव्यावरची भाकरी विसरे. मी मात्र हसू दाबी. व्रताची थट्टा मला रुचत नसे.

एका नौकेचा वेग चाचणीत थोडा कमी पडला. महिनाभर तो आराखडे घेऊन बसला. कपाटांची दारेसुद्धा काढून टाकली. पुन्हा चाचणी झाली आणि बंदरात उतरताच त्याचा फोन आला. भोवती लोकांचा गलका, त्यातून एवढेच ऐकू आले :

"अण्णा, उठली! पाण्यावर उठली!"

त्याच वर्षी गावाने अभिषेकाचा पहिला कलश त्याला द्यायचे ठरवले.

इतकी वर्षे मंदिरात स्वाध्याय मी घेत होतो. आणि कलश त्याला.

अभिषेकाच्या दिवशी त्याने कलश हाती घेताच मी सर्वांसमोर म्हणालो, "शस्त्रे वाहणारी नौका आखणारा हात मूर्तीला लागू नये."

रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी वर्ज्य नाही, हे मीच कित्येकदा शिकवले होते. त्या क्षणी ते मला आठवतही होते.

बोललो ते शास्त्र नव्हते. असूया होती.

अजितने कलश खाली ठेवला. विहिरीवर गेला आणि इतरांच्या कलशांसाठी पाणी गाळत बसला.

त्यानंतर दरवर्षी क्षमावाणीला, एकमेकांची क्षमा मागायच्या दिवशी, पहिला फोन त्याचाच.

"अण्णा, काय चुकलं असंल तर क्षमा करा."

"उत्तम क्षमा," मी म्हणे. गावातल्या सगळ्यांना म्हणतो, तसेच.

गेल्या वर्षी आजारी अजितला भेटायला सांगलीच्या इस्पितळात गेलो, ते बोलायचेच ठरवून.

"अजित, मंदिरातलं ते..."

"आवं अण्णा, आधी डबा उघडा. दिस बुडाय आलाय. उपाशी ऱ्हाशीला."

सूर्यास्तानंतर आम्ही अन्न घेत नाही. मी जेवायला बसलो. तो उशीला टेकून पाहत होता.

"चटणी वहिनीचीच व्हय? वास लय भारी येतोय."

जेवण उरकेपर्यंत भेटीची वेळ संपली.

"उद्या बोलू की," तो म्हणाला.

पहाटे तो गेला.

अपमान सर्वांसमोर केला होता, म्हणून हेही सर्वांसमोर.

अजित, त्या दिवशी माझे चुकले. पहिला कलश तुझाच होता.

मला क्षमा कर.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाचे मंगल होवो. ज्याची क्षमा मागायची आहे, तो माणूस तुम्हाला जिवंतपणी भेटो.