काळ्यातल्या छटा

आमच्या अल्बमच्या दुकानात नवा मॉनिटर आला. पडदा तपासायच्या राखाडी-काळ्या पट्टीतल्या गडद छटा त्यावर डांबरासारख्या एकजीव दिसत होत्या.

"काळं ते काळंच दिसणार, ग्रॅज्युएटसाहेब!" मालक हसले.

मी मॉनिटरची ब्लॅक लेव्हल, म्हणजे काळ्याची पातळी, एकेक अंकानं वाढवत नेली, तशा छटा सुटल्या. मग माझा पदवीदानाचा फोटो उघडला. माझ्यामागे आजवर नुसता अंधार होता. आज त्यात सभागृहाच्या दाराशी माझे वडील, आप्पा दिसले, वहाणा हातात धरून उभे.

मॉनिटरचे पडदे उजळ चेहरे खुलवायलाच जुळवलेले असतात. अंधारातली माणसं फोटोत असतातच. त्यांच्यासाठी खटपट कोण करतो?

पदवीदानाला आप्पा आलेच नाहीत, असं मी चारचौघांत त्यांच्यादेखत सांगायचो. त्यांनी कधी खोडून काढलं नाही. तसेच गेले.