पेंडीचा आकडा

लढाईच्या दिवसांत आम्ही साताऱ्याला राहत होतो. माझे यजमान शेतकी खात्यात होते आणि त्यांची आकडेमोड मी करत असे. मी पुण्याला गणित घेऊन बी.ए. झाले होते, लग्नानंतर त्या गणिताचा एवढाच उपयोग उरला होता. खात्यात हे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी त्यांनी सांगलीच्या आसपासच्या चोवीस शेतकऱ्यांच्या उसाची वजनं करून आणली. कुणी शेंगदाण्याची पेंड किती घातली आणि एकरी ऊस किती निघाला, असे वहीत रकाने. एक पोतं पेंड जास्त घातली तर ऊस किती वाढतो, तो आकडा मी काढायचा. नुसता काढून भागत नसे. आधी असं धरायचं की पेंडीनं काहीच होत नाही, म्हणजे तो आकडा खरा शून्यच आहे. मग बघायचं, निव्वळ योगायोगानं तो एवढा मोठा येऊ शकेल का. त्यात जेवढी चूकभूल धरावी लागते, तिच्या दुपटीपेक्षा बराच मोठा निघाला तर योगायोग म्हणणं अवघड. आमचा साडेतीनपट निघाला. यजमान खूश झाले. अहवाल पुण्याला गेला आणि सांगलीला शेतकऱ्यांची सभा ठरली.

सभेला चार दिवस होते. वही आवरताना शेवटचा एक रकाना दिसला: मातीची खोली, पहार ठोकून मोजलेली. तो मी वापरलाच नव्हता. हाताशी वेळ होता म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं, मी तोही गणितात घेतला. मातीची खोली सारखी धरली तर पेंडीनं किती फरक पडतो, असा आता प्रश्न होता.

पेंडीचा आकडा निम्म्याहून खाली आला. चूकभुलीच्या दीडपटही भरेना.

कुठेतरी वजाबाकी चुकली असणार म्हणून पुन्हा केलं. कागद मिळत नव्हता, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिसऱ्यांदा केलं. तेच. चुकलं असतं तर बरं, असं मला आयुष्यात त्या एकदाच वाटलं. बाहेरच्या खोलीत यजमान येरझाऱ्या घालत भाषण घोकत होते, "पेंडीचा गुण गणितानं सिद्ध झालेला आहे..." तीन दिवस मी तोंड उघडलं नाही. जेवायला वाढताना ते विचारत, "बरं नाही का तुला?" मी म्हणे, "काही नाही."

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं आम्ही सांगलीला गेलो. तिथे माझ्या बहिणीकडे उतरलो होतो. सभेच्या दिवशी सकाळी ते कोट चढवत असताना मी ते कॅलेंडर पुढे केलं.

"अहो, हे बघता का जरा?"

त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. "म्हणजे पेंड निरुपयोगी?"

"तसं नाही. निरुपयोगी आहे असंही म्हणता येत नाही. या चोवीस रानांवरून ते कळत नाही, इतकंच."

"अहवाल गेलाय. आणि हे तू आत्ता सांगतेस?"

ते कॅलेंडर खिशात कोंबून चालू लागले. बहिणीला घेऊन मी मागोमाग गेले.

सभा एका हळदीच्या वखारीत होती. आम्ही बायका आतल्या खोलीत, मधल्या दाराशी बसलो. ते उभे राहिले, भाषणाचा कागद उघडला, त्यावर एकदा नजर फिरवली. मग त्यांनी कागद मिटला.

"मला आधी एक सांगा," ते म्हणाले, "तुम्ही पेंड कुठल्या रानाला घातली?"

पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी हसला. "आवं सायेब, मळीच्या रानाला, नदीकाठच्या खोल मातीला! माळाच्या मुरमाला कोण पेंड घालतंय? वाया जायाची."

"मग ऊस वाढला तो पेंडीनं का मळीच्या मातीनं?"

"त्ये तुमी सांगायचं. शिकल्यालं तुमी हाय."

सगळे हसले. यजमान मात्र हसले नाहीत. "मला अजून सांगता येत नाही," ते म्हणाले. "मी पुण्याला जे कळवलं, ते घाईनं कळवलं."

थोडी कुजबुज झाली. म्हातारा म्हणाला, "मग येकाच रानात निम्म्याला घाला, निम्म्याला नको. लय सोपं हाय."

अहवाल मागे घेताना वरून खरमरीत पत्र आलं, आणि यजमानांची बढती त्या वर्षी राहिली. महिनाभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले. त्याबद्दल त्यांनी मला कधी दोष दिला नाही, पण मी स्वतःला देत राहिले. खोलीचा रकाना मी पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता.

पुढच्या हंगामात तशीच निम्मी-निम्मी रानं केली. ऊस तुटल्यावर यजमानांनी नवी वही आणून माझ्यापुढे ठेवली. "पहिल्यांदा सगळे रकाने बघ," एवढंच म्हणाले.

आकडा आला तो पहिल्या अहवालातल्या आकड्याच्या निम्मा, पण चूकभुलीच्या जवळजवळ तिप्पट. पेंडीनं ऊस वाढत होता, आम्ही म्हटलं होतं तेवढा नाही. मी लगेच सांगितलं नाही. तो तसाच यावा अशी माझी फार इच्छा होती, आणि त्याचीच मला धास्ती वाटत होती. म्हणून मी पुन्हा पहिल्या ओळीपासून बेरजा करायला बसले.